टॉवर फुल हाये

मी मोबाईल कंपन्यांसाठी गोंगाट शोधते. नोकरी काय करतेस, असं कुणी विचारलं की हे वाक्य टाकते आणि समोरचा पुढं काय विचारावं या विचारात पडतो. हा गोंगाट कानाला ऐकू येत नाही. तो रेडिओ लहरींमधला असतो, आणि त्याच्यामागं मी पुण्याहून कुठं कुठं धावत असते.

आकाश वर बघताना रिकामं दिसतं, पण त्याचा सातबारा कधीच झालेला आहे. एक पट्टा विमानांना, एक पोलिसांना, एक रेडिओ केंद्रांना, काही मोबाईलवाल्यांना. मोबाईलच्या पट्ट्याचेही दोन तुकडे पडतात. एका तुकड्यात टॉवर बोलतो आणि फोन ऐकतात, दुसऱ्यात फोन बोलतात आणि टॉवर ऐकतो. मध्ये शेताला सोडतात तसा बांध सोडलेला असतो. आणि त्या एवढ्याशा तुकड्यात शेकडो फोन आळीपाळीनं, डोळ्याचं पातं लवायच्या आत आपापलं बोलून घेतात. कुणी पाळी मोडून बडबडायला लागलं की टॉवर बहिरा होतो. मग मला धाडतात.

या एप्रिलमध्ये धाडलं ते नागपूरला. नरखेड तालुक्यातल्या एका गावाचे फोन महिनोन्‌महिने लागत नव्हते. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला तिथं जे सापडलं ते एका घरातलं होतं.

नंदनवन

सोबतीला कंपनीनं दिलेले गजभिये नागपूरच्या नंदनवन भागात राहतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, गाडी तेच चालवतात, टॉवरवर तेच चढतात. पहिल्या दिवशी मला हॉटेलवर जाऊ न देता त्यांनी थेट घरी नेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कूलरची घरघर, आणि कूलरसमोरची खुर्ची पाहुण्यासाठी राखीव. त्या खुर्चीवर मी पाच मिनिटंही टिकले नाही. उठून खिडकीत गेले, मीटर काढला, परत ठेवला, घड्याळ बघितलं.

गजभियेंची आई मला निरखत होती. शेवटी म्हणाली, "बस ना वं बाई. पायाले भिंगरी बांधून आली काय?"

आमच्या घरातही हेच ऐकते मी. फरक इतकाच की आजींनी ते पाटोडीच्या रश्श्याचं ताट पुढं सरकवत ऐकवलं. कोल्हापूरची मी, तिखटाचा गर्व बाळगून असलेली. दुसऱ्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि गर्व ताटाखाली गेला. आजींनी दह्याची वाटी ठेवली.

"मॅडम, उद्या निघू ना सकाळी. आत्ता चार वाजता जाऊन काय करता? ऊन तुम्हालेच लागन, नॉइजले नाही," गजभिये म्हणाले.

शुक्रवारपर्यंत अहवाल हवा होता आणि आज सोमवार होता. मला त्या घरात गोड झोप लागायला हरकत नव्हती, पण रात्रभर कूलर ऐकत कूस बदलत राहिले.

कळमेश्वर

तक्रारींच्या यादीत एक नाव अकरा वेळा होतं. मंदाताई, पत्ता गावचा, पण राहतात कळमेश्वरला. तिथल्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचं काम करतात, मुलीच्या शिक्षणासाठी खोली घेतली आहे, रविवारी तेवढ्या गावी जातात. रस्त्यातच होतं म्हणून सकाळी तर्री पोहे खाऊन आम्ही त्यांच्याकडे थांबलो.

मंदाताई पन्नाशीला आलेल्या, शिडशिडीत. कामावर जायची घाई असूनही चहा टाकला. "मी सांगतो तुम्हाले सारं," म्हणाल्या, आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बाईनं 'मी सांगतो' म्हणणं मी कोल्हापूर सोडल्यापासून ऐकलं नव्हतं. पुण्यात माझं 'मी येतो' लोकांनी हसून हसून मोडीत काढलं होतं.

गोष्ट अशी होती. यजमान वारल्यावर संत्र्याचा अर्धा बगीचा मंदाताईंकडे आला, अर्धा धाकट्या दिराकडे, दिनकररावांकडे. विहीर सामायिक. तिच्यावर दोन मोटरी, आणि ओलिताची पाळी ठरलेली. बगीच्याला पाणी देण्याला इकडे ओलीत करणं म्हणतात. दिवसाची लाईन, म्हणजे वीज, असली की आठ ते बारा मंदाताईंची मोटर, बारा ते चार दिनकररावांची. मंदाताई कळमेश्वरला, म्हणून त्यांनी मोटरीला मोबाईलचा ऑटो स्विच बसवला. लाईन आली की मोटर आपोआप चालू होते. बंद करायला मात्र फोन लावावा लागतो.

"बाराले मी मशीनवरून उठतो अन्‌ फोन लावतो. एकदा लावतो, दहादा लावतो. बाई म्हणते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आता विहीर कुठं जाईन वं क्षेत्राच्या बाहेर?"

मोटर मग फोन लागेपर्यंत एक-दीड तास चालूच राहायची. एप्रिलची विहीर, पाणी ते किती. दिनकररावांची मोटर हवा ओढायला लागायची आणि त्यांची झाडं कोरडी. एकदा त्यांनी चिडून फ्यूज काढला, तर मंदाताई म्हणाल्या, माझ्या मोटरीला हात काहून लावला. आणि मोटरीच्या पेटीला स्वतःचं कुलूप घातलं. तेव्हापासून बोलणं बंद.

"पण फोन लागत नाही हे तुम्ही सांगितलं नाही का त्यांना?" मी विचारलं.

"सांगतलं ना. भाऊजी फोन वर करून दाखवते. म्हणते, वयनी, खोटं नका बोलू, टॉवर फुल हाये." चहाची कपबशी त्यांनी उगाच पुसली. "शुक्रवारी बोरची गाडी येऊन राहिली, मॅडम. विहिरीपासून पंचवीस पावलांवर जागा धरली त्यायनं. तिथं बोर लागली का विहीर आटली. माही झाडं यंदा जाईन, त्यायची पुढच्या साली. पण रागात माणसाले दिसते काय?"

मी निघताना त्यांनी माझा हात धरला. "मोटरीचं होईन तवा होईन. तुम्ही त्यायले इतकं सांगा, का वयनी खोटं नाही बोलत."

हे माझ्या कामाच्या यादीत नव्हतं. गाडीत बसल्यावर मी गजभियेंना वेग वाढवायला सांगितलं, आणि त्यांनी, रस्ता दाखवून, नाही म्हटलं.

झटका

गावाच्या आसपास चहूकडे संत्री आणि मोसंबी. बोराएवढी हिरवी फळं धरली होती. हेच दिवस पाण्याचे. पाणी चुकलं की फळ गळतं, हे मला एका बाईनं बिनविचारता सांगितलं आणि झाडाखालचा सडाही दाखवला. ते झाड दिनकररावांचं होतं.

माझ्या हातात मीटर आणि माशाच्या काट्यासारखा अँटेना. तो फिरवायचा, जिकडं गोंगाट वाढेल तिकडं चालायचं. फोन ज्या तुकड्यात बोलतात, नेमका त्याच तुकड्यात गोंगाट भरला होता. मीटरचा पडदा असा भरला होता की त्यात कुणा मोटरीच्या स्विचचा 'मी इथं आहे' हा बारीक निरोप टॉवरला ऐकू येणं शक्यच नव्हतं. मंदाताई खरं बोलत होत्या, एवढं पहिल्या दहा मिनिटांत कळलं. पण कुणामुळं, हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग नव्हता.

एका धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधाजवळ, मीटर टकटक उड्या मारायला लागला. सापडलं, म्हणून मी धावले. गजभिये मागून ओरडले, "मॅडम, तार, तार," पण तोवर माझा गुडघा तारेला लागला होता. रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीन. मी मटकन खाली बसले. गजभियेंनी आधी माझा गुडघा बघितला, मग मीटर बघितला, आणि मग त्यांना हसू आवरेना. मशीन बंद करून घेतली. टकटक थांबली, खरा गोंगाट तसाच राहिला.

संध्याकाळपर्यंत गावाभोवती तीन फेऱ्या झाल्या. काटा कधी पूर्वेला नेई, कधी पश्चिमेला. पत्र्याच्या छपरांवरून लहरी उलटसुलट परततात, त्यात माणूस चकतो. मी चिडून चिडून बोलत होते आणि गजभिये थंडपणे बाटलीतलं पाणी पुढं करत होते.

दिनकररावांची ओसरी

बुधवारी सकाळी मला कार्यालयात फोन करायचा होता आणि तो लागेना. पारावरच्या माणसानं सांगितलं, "दिनकरभाऊच्या ओसरीवर जा. सारं गाव तिथूनच बोलते."

ओसरीवर आधीच दोघं फोनवर होते. एक बाई लेकीशी बोलत होती, एक म्हातारे दवाखान्याची तारीख विचारत होते. दिनकरराव उंच, आवाजानं मोठे, मनानंही मोठे असावेत. कुणालाही बसायला सांगत, माठातलं पाणी देत.

"टॉवर कुठं आहे इथून?" मी विचारलं. मला दिशा हवी होती.

त्यांनी खिशातला फोन काढून माझ्यासमोर धरला. "हे काय. फुल हाये."

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. आमच्याकडे 'रेंज' म्हणतात, इकडे फोनवरच्या दांड्यांनाच टॉवर म्हणतात. टॉवर गेला, टॉवर आला, टॉवर फुल आहे. मी माझा फोन बघितला तर तोही फुल. मी कार्यालयाशी मजेत बोलले, वर सांगितलं की अजून काहीच सापडत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

दिनकररावांच्या पत्नी, शीलाताई, जेवल्याशिवाय सोडायला तयार नव्हत्या. गोळाभात होता. मोकळ्या भातावर डाळीचे वाफवलेले गोळे कुस्करायचे आणि वरून लसणाच्या फोडणीचं कढत तेल ओतायचं. आमच्याकडे भाताला रस्सा लागतो, इथं तेलावर काम भागतं, आणि छान भागतं. जेवताना दिनकररावांनी वहिनीचा विषय स्वतःच काढला.

"माणूस फसवते ना, त्याचं वाईट नाही वाटत, मॅडम. घरचं माणूस तोंडावर खोटं बोलते, त्याचं वाटते. भाऊ होता तवा विहिरीवर कधी घड्याळ पाहायची पाळी नाही आली. आता शुक्रवारी बोर मारतो, अन्‌ संपवतो नातं."

मला बसवेना. मीटर मांडीवर ठेवून मी घास गिळत होते. तेवढ्यात लाईन गेली. डोक्यावरचा पंखा फिरता फिरता मंद झाला आणि मीटरचा पडदा धुतल्यासारखा स्वच्छ झाला. मी घास हातात धरून तशीच राहिले. दहाएक मिनिटांनी पंखा परत हलला, आणि पडदा खालपासून वरपर्यंत भरला.

मी खरकट्या हातानं अंगणात आले. घराच्या छपरावर बांबूला बांधलेला माशाच्या काट्यासारखा अँटेना होता. काल तीनदा मी त्याच्याखालून गेले होते आणि टीव्हीचा म्हणून सोडून दिला होता. टीव्हीला असा अँटेना लावणं लोकांनी कधीच सोडलंय, हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. त्याची काळी वायर ओसरीत उतरली होती, आणि कॅलेंडरच्या मागं एक डबा होता, तीन हिरवे दिवे लावून बसलेला.

"ते? बूस्टर हाये," दिनकरराव कौतुकानं म्हणाले. "ऑनलाइन मागवला. नॉब फुलवर ठेवला. मोटर घ्यायची त पाच एचपीचीच घ्यावं माणसानं."

मी समजवायला बसले आणि पार गुंतले. पट्टे, लहरी, वरचा तुकडा, खालचा तुकडा. विनापरवाना असा डबा लावणं गुन्हा आहे, हेही बोलून टाकलं. दिनकररावांचा चेहरा कठीण होत गेला. फोनवर बोलणारी बाई फोन बंद करून ऐकायला लागली.

गजभियेंनी मला हातानं थांबवलं. "दिनकरभाऊ, विहीर कोणाची?"

"सामायिक."

"मोटरी दोन. मंग पाणी दोघाले कसं पुरते?"

"पाळीनं पुरते."

"टॉवरबी सामायिक आहे गा. टॉवर ऐकणारा एक अन्‌ बोलणारे फोन साऱ्या गावाचे. म्हणून जो तो आपल्या पाळीनं बोलते अन्‌ चूप बसते. तुमचा हा डबा चूपच बसत नाही. तुम्ही फोन करा का नका करू, चोवीस तास टॉवरच्या कानात घरघर करून राहिला. दुसऱ्याची पाळी आली तरी याची मोटर बंदच होत नाही."

दिनकररावांनी डब्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पण माह्या फोनवर त टॉवर फुल..."

"टॉवर तुम्हाला किती ऐकू येतो, एवढंच त्या दांड्या सांगतात," मी म्हणाले, या वेळी हळू. "टॉवरला कोण ऐकू येतंय, ते त्यात दिसत नाही. डब्याजवळचे फोन मोठ्यानं बोलतात, म्हणून ते लागतात. लांबच्याचं काही पोचत नाही. विहिरीवरच्या स्विचचंही नाही."

"म्हणजे पाळी मी मोडली? चोर मी?"

ते उठले, चपला पायात सरकवल्या. अंगणातून वळून म्हणाले, "उद्या बाराले विहिरीवर या. डोळ्यानं पाहीन तवाच मानीन."

बारा वाजता

गुरुवारी साडेअकरालाच मी विहिरीवर होते. मंदाताईंना निरोप दिला होता की बाराला फोन लावा आणि लावतच राहा. त्यांची मोटर घुमत होती, पाइपातून पाणी आळ्यांत पडत होतं. पलीकडे पंचवीस पावलांवर चुन्याचं वर्तुळ, मधोमध शेंदूर लावलेला दगड. बोरची जागा.

डबा मुद्दाम चालू ठेवला होता. गजभिये दिनकररावांच्या घरी, डब्यापाशी बसून थांबले होते. बारा दहाला त्यांनी तो बंद करायचा, असं ठरलं होतं. मी विहिरीभोवती फिरत होते, घड्याळ बघत होते, परत फिरत होते. दिनकरराव लिंबाखाली उकिडवे बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही.

बारा वाजले. मोटर चालूच. बारा पाच. विहिरीत पाणी दगडाच्या एका थराइतकं खाली गेलेलं दिसत होतं. हे पाणी आता त्यांच्या पाळीचं होतं.

"रोज असंच," दिनकरराव म्हणाले. "रोज इथं बसून पाहतो मी."

एकटी बाई तिकडं मशीनपासून बाजूला होऊन फोन लावत असेल, आणि हा माणूस इकडं लिंबाखाली तिला खोटारडी ठरवत असेल. महिनोन्‌महिने, रोज बाराला. मी मीटर उघडला. बारा दहा. पडदा भरलेलाच. बारा अकरा. आणि मग, जिना उतरून यावं तसा, गोंगाट खाली आला.

मिनिटभर काहीच झालं नाही आणि मला वाटलं, आता स्विचच बिघडलेला निघणार. तेवढ्यात कुलूपबंद पेटीच्या आत खट्ट झालं. मोटरीचा आवाज उतरत उतरत थांबला. पाइपातली धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही नाही. बगीच्यात पक्षी बोलत होते, ते तोवर ऐकूच आले नव्हते.

दिनकरराव उठून पेटीपाशी गेले. कुलपाला हात लावला, ते बंद होतं. आत कुणी नव्हतं, चावी कळमेश्वरला होती.

"दिवाळीले बसवला तो डबा," ते कुलपाशीच बोलल्यासारखे म्हणाले. "अन्‌ भांडण लागलं दिवाळीच्या मागून."

त्यांनी खिशातून फोन काढला, बघितला आणि नंबर लावला. तिकडून लगेच उचलला गेला. त्यांचा फोन मोठ्या आवाजाचा, मला सगळं ऐकू येत होतं.

"भाऊजी?" मंदाताईंचा आवाज घाबरलेला होता. "मी लावूनच राहिलो होतो. बारापासून लावून राहिलो. आत्ता मेसेज आला. झाली का बंद?"

"झाली."

"खरंच लावून राहिलो होतो मी."

दिनकररावांनी हात कुलपावरून काढला. मग म्हणाले, "मले माहीत हाये, वयनी. तुम्ही खरंच सांगत होत्या. चूक माही होती."

तिकडं मशीनचा खडखडाट ऐकू येत होता. मंदाताई नाक ओढून म्हणाल्या, "तुमची पाळी सुरू झाली. मोटर चालू करा ना आता. झाडं सुकून राहिली असतीन."

"करतो. पहिले त्या बोरवाल्याले फोन करतो."

"मंग घरी जाऊन करा. तिथं टॉवर राहते."

त्यांनी फोन कानापासून दूर धरून एकदा बघितला. एकच दांडी होती.

"घरचा टॉवर बंद केला, वयनी," ते म्हणाले. "इथं एकच हाये. पण लागते."